प्रस्तावना: प्लगइन गेलं, त्याचं काम कुठे गेलं?

फायरवॉलचा एक नियम चुकीचा पडला की एसएसएच तिथल्या तिथे मरतं. नेटवर्कच्या फाइलमध्ये गेटवेचा एखादा आकडा इकडचा तिकडे झाला, डिस्क भरून लॉगिन अडकलं, अपडेटनंतर कर्नल उठलाच नाही, विंडोज निळ्या पडद्यावर येऊन थांबलं, अशा प्रत्येक वेळी व्हीएम चालू असते, पण तिच्यापर्यंत जायची रोजची वाट बंद झालेली असते. एसएसएच काय किंवा रिमोट डेस्कटॉप काय, व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम धडधाकट आहे हे दोघंही गृहीत धरतात. ती आडवी झाली की हातात उरतो कन्सोल. आभासी व्हिडिओ कार्डावर या क्षणी जे उमटलंय ते हायपरव्हायझर आपल्याला दाखवतो आणि आपण दाबलेली कळ आभासी कीबोर्डात सोडतो. आत लिनक्स आहे की विंडोज, जिवंत आहे की अर्धमेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून बायोसचा पडदा, ग्रबचा मेनू, इन्स्टॉलरचं पहिलं पान हे सगळं फक्त इथेच दिसतं.

त्या कन्सोलपर्यंत लांबून, आणि ब्राउझरमध्ये कुठलंही प्लगइन न घालता कसं पोचायचं, हा या पुस्तकाचा विषय. ऐकायला तो फार अरुंद वाटतो. ‘बटण दाबलं की टॅब उघडतो, त्यात पुस्तक लिहिण्यासारखं काय आहे?’ असं मला दोन-तीन मित्रांनी विचारलंही. टॅब उघडतो तोवर खरंच काही नाही. टॅब काळा राहतो, किंवा ‘कनेक्ट होत आहे’ म्हणत गोल फिरत बसतो, तेव्हा प्रश्न सुरू होतात. प्लगइन काढून टाकलं म्हणून त्याचं काम संपलं नाही. पडद्याचं चित्र उलगडणं, कळा पकडणं, माणसाची ओळख पटवणं, जोडणी कूटबद्ध ठेवणं हे कुणाला तरी करावंच लागतं. पूर्वी ते एकाच डब्यात होतं. आज ते ब्राउझर, मधला प्रॉक्सी आणि हायपरव्हायझर यांच्यात वाटलं गेलंय. ही वाटणी ज्याला ठाऊक आहे त्याला बिघाड कुठे शोधायचा हे कळतं. बाकीचे पान रिफ्रेश करत बसतात.

आभासी यंत्राला कन्सोल हवा हे फार जुनं आहे. आयबीएमनं १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर केलं. त्यात प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचं एक आख्खं मेनफ्रेम मिळाल्यासारखं वाटे आणि त्याच्यासमोरचं टर्मिनल हेच त्या मेनफ्रेमचं ऑपरेटर कन्सोल असे. म्हणजे लांबून कन्सोल वापरणं ही नंतर चिकटवलेली सोय नाही, ती या कल्पनेच्या मुळातच होती. पीसीच्या जगात मात्र तिला पुन्हा एकदा जन्म घ्यावा लागला. व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन १९९९ मध्ये आलं तेव्हा कन्सोल म्हणजे आपल्याच डेस्कटॉपवरची एक खिडकी होती. यंत्र आणि माणूस एकाच टेबलावर. २००१ मध्ये ईएसएक्स सर्व्हर आला आणि व्हीएम रॅकमध्ये गेल्या. माणूस दुसऱ्या इमारतीत, मग दुसऱ्या शहरात. आज कोल्हापूरच्या एखाद्या कारखान्याची व्हीएम नव्या मुंबईत ऐरोली-महापेच्या पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये असते आणि ती सांभाळणाऱ्यानं ते डेटा सेंटर आयुष्यात पाहिलेलं नसतं.

मधली कडी तयार झाली केंब्रिजमध्ये, आणि ती तयार करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर व्हीएम नव्हत्याच. ऑलिव्हेटीच्या तिथल्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा लांबून दाखवणारं व्हीएनसी घडलं आणि १९९८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यामागचा आरएफबी हा प्रोटोकॉल इतका साधा आहे की तो टिकला यात नवल नाही. पुढे २०११ मध्ये आरएफसी ६१४३ म्हणून तो लिहून ठेवला गेला. त्यात ग्राहकाकडून जाणारे संदेश ६ प्रकारचे आणि सर्व्हरकडून येणारे ४ प्रकारचे, बस. ग्राहक विचारतो, ‘पडद्यात काय बदललं?’ सर्व्हर बदललेले चौकोन पाठवतो. ग्राहक सांगतो, ‘ही कळ दाबली, माउस इथे आहे.’ एवढ्यावर संसार चालतो. १०२४ गुणिले ७६८ चा पडदा ३२ बिट रंगांत जसाच्या तसा पाठवायचा तर एकदाच ३ एमबी लागतात. म्हणून चौकोन आवळून पाठवायच्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या, आणि व्हीएनसीच्या नंतरच्या घराण्यांमधले वाद बहुतेक त्या आवळण्यावरून झाले.

याच व्हीएनसीच्या पोटात एक गोष्ट पहिल्यापासून होती आणि ती आज कुणाला आठवत नाही. सर्व्हर स्वतःच ५८०० च्या आसपासच्या पोर्टवर एक वेबपान द्यायचा आणि त्या पानात जावाचं ॲपलेट असायचं. ब्राउझर उघडा, पडदा हजर. तेव्हा ब्राउझरमधून कन्सोल ही एचटीएमएल ५ ची देणगी आहे असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते खरं नाही. कल्पना जुनीच. तिला ब्राउझरमध्ये पाय ठेवायला स्वतःची जमीन नव्हती, ती प्लगइननं भाड्यानं दिली.

त्या भाड्याचा हिशेब नीट मांडायला हवा, कारण आताची रचना त्यातूनच समजते. नेटस्केपनं नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एनपीएपीआय ही सोय आणली, मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हएक्स. दोन्हींत मेख एकच होती. ब्राउझरच्या आत दुसऱ्या कुणाचा तरी कोड चालायचा आणि त्याला आपल्या कॉम्प्युटरवर जवळपास पूर्ण मोकळीक असायची. कन्सोलवाल्यांना हे फार सोयीचं पडलं. थेट टीसीपी जोडणी उघडता यायची, कीबोर्ड पूर्ण ताब्यात घेता यायचा, आपल्या लॅपटॉपमधली आयएसओ फाइल व्हीएमला सीडी म्हणून जोडता यायची. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरच्या वेब क्लायंटचा एक काळ असा होता की पान दिसायला फ्लॅश हवं आणि त्या पानातून कन्सोल उघडायला वेगळं प्लगइन हवं. रेड हॅटच्या बाजूला स्पाइस या कन्सोलच्या प्रोटोकॉलसाठी फायरफॉक्सचं स्वतंत्र प्लगइन होतं. प्रॉक्समॉक्समध्ये जावा ॲपलेट. भौतिक सर्व्हरच्या मदरबोर्डवरच्या व्यवस्थापन चिपमधून मिळणारा कन्सोलही जावाच मागायचा. आपल्याकडे ई-निविदा भरताना डिजिटल सहीसाठी ज्यांनी जावाची नेमकी ठरावीक आवृत्ती शोधत रात्र घालवली आहे, त्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

आमच्या ऑफिसात त्या काळात एक जुनी विंडोज व्हीएम जपून ठेवलेली होती. तिच्यात जुना ब्राउझर, जुनं जावा, अपडेट बंद. तिला सगळे ‘म्युझियम’ म्हणायचे. बाकीच्या व्हीएमचे कन्सोल उघडायचे ते या म्युझियममधून. एके दिवशी ज्या होस्टवर म्युझियम होतं तोच होस्ट पडला, म्हणजे किल्ली आत आणि दार ओढलेलं. त्या दुपारी आम्ही काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. पण ज्या साधनाकडे शेवटचा उपाय म्हणून पाहायचं ते इतक्या गोष्टींवर अवलंबून असू नये, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

प्लगइनचा शेवट एका झटक्यात झाला नाही. गूगलनं सप्टेंबर २०१३ मध्ये एनपीएपीआय काढणार असल्याचं सांगितलं, एप्रिल २०१५ मध्ये क्रोम ४२ नं ती सोय आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०१५ च्या क्रोम ४५ मध्ये ती उरलीच नाही. फायरफॉक्स ५२ मार्च २०१७ मध्ये आला आणि फ्लॅश सोडून बाकी सगळ्यांना निरोप मिळाला. ओरॅकलनं जानेवारी २०१६ मध्ये जावा प्लगइनचा गाशा गुंडाळणार असल्याचं जाहीर केलं. जावा वेब स्टार्टवर तग धरून राहिलेल्यांचा आधार सप्टेंबर २०१८ मध्ये जावा ११ बरोबर गेला. फ्लॅशची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली. कारण सगळीकडे तेच, सुरक्षेची भोकं आणि ब्राउझर कोसळणं. कन्सोल वापरणारे या सगळ्यात मोजदादीलाही नव्हते. व्हिडिओ आणि जाहिराती यांच्या भांडणात आमचं घर पडलं, एवढंच.

पण जमीन तोवर तयार झाली होती. ब्राउझरला चित्र काढायला कॅनव्हास मिळाला होता आणि सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी वेबसॉकेटच्या रूपानं येत होती. आरएफसी ६४५५ डिसेंबर २०११ चा. जोएल मार्टिन यांनी या दोन्हींवर नोव्हीएनसी उभं केलं: शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला व्हीएनसी ग्राहक. ब्राउझर साधी टीसीपी जोडणी उघडू शकत नाही, त्यामुळे सोबत वेबसॉकिफाय हा छोटा दुभाषा आला, एका हाताला वेबसॉकेट, दुसऱ्या हाताला टीसीपी. पुढे क्यूईएमयूनं वेबसॉकेटची सोय स्वतःतच घेतली. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात ज्या ब्राउझरना वेबसॉकेट येत नव्हतं त्यांच्यासाठी नोव्हीएनसी फ्लॅशचाच आधार घ्यायचं. प्लगइन नको म्हणणाऱ्यालाही उंबरा ओलांडायला प्लगइन लागलं. ओपनस्टॅकनं नोव्हीएनसी उचललं, प्रॉक्समॉक्सनं २०१४ मध्ये जावा सोडून तेच घेतलं, आणि आज एखाद्या लहानशा होस्टिंग कंपनीकडून भाड्यानं घेतलेल्या व्हीएमचा कन्सोल उघडला तर आत बहुधा तेच निघतं. व्हीएमवेअरनं आपली वेगळी चूल मांडली. त्यांच्या एमकेएस या प्रोटोकॉलचा वेबसॉकेटवरचा अवतार ब्राउझरमध्ये चालतो, आणि ज्यांना आयएसओ वगैरे जोडायचं आहे त्यांच्यासाठी वेगळं डेस्कटॉप ॲप आहे, जे वेबपानावरच्या एका खास दुव्यावरून उघडतं.

नवख्या वाचकाला या क्षेत्रात साधारण चार घराणी दिसतील, आणि त्यांच्यातला फरक ‘अनुवाद कुठे होतो’ या एका प्रश्नावर उभा आहे.

पहिलं, नुकतंच सांगितलं ते: अनुवाद ब्राउझरमध्ये. सर्व्हरकडून आरएफबी किंवा एमकेएस कच्चं येतं आणि जावास्क्रिप्ट ते उलगडते. मधे फारसं काही नाही, म्हणून बिघडण्यासारखंही थोडंच.

दुसरं, अनुवाद मधल्या गेटवेवर. अपाची ग्वाकामोली हे त्याचं ठळक उदाहरण. मायकेल जम्पर यांनी २०१० च्या सुमारास सुरू केलेला हा प्रकल्प २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनचा पूर्ण प्रकल्प झाला. पलीकडे व्हीएनसी, आरडीपी, एसएसएच काहीही असो, गेटवेवरचा एक डीमन त्याचं स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये रूपांतर करतो आणि ब्राउझरला तेवढाच एक समजला की पुरतं. सगळ्यांचं लॉगिन एका जागी, कोण कुठे गेलं याची नोंद एका जागी, सेशनचं रेकॉर्डिंगही करता येतं. बँका आणि ऑडिटवाले याच्या प्रेमात पडतात ते उगाच नाही. मात्र गेटवे पडला की सगळेच बाहेर, आणि गेटवे फुटला की सगळेच उघडे.

तिसरं घराणं ब्राउझरला फक्त दारापर्यंत वापरतं. पानावरून एक छोटी फाइल उतरते, तिच्यात पत्ता आणि थोड्याच वेळापुरती चालणारी परवानगी असते, आणि ती फाइल डेस्कटॉपवरचा स्वतंत्र व्ह्यूअर उघडतो. स्पाइसची आजची चाल हीच. इस्रायलच्या क्यूमरानेटनं घडवलेला हा प्रोटोकॉल २००८ मध्ये ती कंपनी घेऊन रेड हॅटकडे आला, डिसेंबर २००९ मध्ये खुला झाला. चौकोनांऐवजी चित्र काढायच्या आज्ञा पाठवायच्या ही त्याची हुशारी होती; पण डेस्कटॉपच जेव्हा सगळं चित्र स्वतः रंगवून एकगठ्ठा देऊ लागले तेव्हा त्या आज्ञांची किंमत उतरली, असं माझं मत आहे. २०२२ च्या आरएचईएल ९ मधून रेड हॅटनंच स्पाइस काढलं. हायपर-व्हीची जातकुळी आरडीपीची. तिचा व्हीएमकनेक्ट होस्टच्या २१७९ पोर्टवर जातो आणि विंडोज ॲडमिन सेंटर तेच ब्राउझरमध्ये आणून देतं.

चौथं घराणं चित्राच्या भानगडीतच पडत नाही. सीरियल कन्सोल. कर्नलला सांगायचं की तुझं बोलणं आभासी सीरियल पोर्टवर टाक, आणि ब्राउझरमध्ये एक्सटर्म डॉट जेएससारखं टर्मिनल उघडायचं. मजकूर निवडता येतो, कॉपी करता येतो, टूजीच्या वेगातही चालतं. ॲमेझॉनच्या ईसीटू सेवेत कित्येक वर्षं फक्त कन्सोलवर उमटलेला मजकूर आणि पडद्याचं स्थिर चित्र एवढंच मिळायचं. टाइप करता येईल असा सीरियल कन्सोल मार्च २०२१ मध्ये आला. लिनक्स सांभाळणाऱ्यानं चित्राचा कन्सोल आहे म्हणून हा बंद ठेवणं मला पटत नाही. बूट होताना वर सरकून गेलेली चुकीची ओळ परत वाचता येते ती इथेच.

आता जरा जवळून. माझ्या मते या विषयातला सर्वात किचकट भाग चित्राचा नाही, कीबोर्डाचा आहे, आणि इतर पुस्तकं तो दोन ओळींत उरकतात. मूळ आरएफबी कळ पाठवतो ती तिच्यावरच्या अक्षराच्या रूपात. आभासी कीबोर्डाला मात्र अक्षर नको असतं, कळीची जागा हवी असते. मग हायपरव्हायझर अंदाज बांधतो: हे अक्षर अमेरिकी लेआउटवर अमुक जागी असतं, म्हणून ती जागा दाबली. गेस्टचा, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमचा, लेआउट जर्मन असेल तर वाय आणि झेड यांची अदलाबदल होते. ब्रिटिश असेल तर ॲटचं चिन्ह भलतीकडे जातं. पासवर्ड टाकताना काही दिसत नाही, त्यामुळे माणूस पासवर्डवरच संशय घेतो. अशा वेळी पासवर्ड आधी युजरनेमच्या जागी टाइप करून डोळ्यानं पाहावा आणि एंटर न दाबता पुसावा. मराठी टाइप करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट चालू राहिला असेल तर के दाबल्यावर ब्राउझरला दिसतो ‘क’, आणि ‘क’ अमेरिकी लेआउटवर कुठेच नाही, म्हणून पलीकडे काहीच उमटत नाही. क्यूईएमयूनं यावर एक विस्तार आणला, ज्यात अक्षराबरोबर कळीची जागाही जाते. नोव्हीएनसीला तो समजतो. दोन्ही बाजूंना तो येत असेल तर इन्स्क्रिप्ट चालू असूनही गेस्टला के हीच कळ पोचते.

बाकीच्या खोड्या प्लगइनच्या जाण्यानं आलेल्या. प्लगइन कीबोर्ड पूर्ण ताब्यात घ्यायचं. टॅबला ती मुभा नाही. शेलमध्ये एक शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू दाबायची बोटांना सवय असते, आणि ब्राउझरमध्ये त्यानं आख्खा टॅब बंद होतो. ऑल्ट-टॅब करून दुसरीकडे गेलात तर ऑल्ट सोडल्याची खबर गेस्टला कधीकधी मिळतच नाही, आणि परत आल्यावर साधं एफ दाबलं तरी मेनू उघडतो. एकदा ऑल्ट दाबून सोडा, सुटतं. कन्सोलच्या बाजूच्या पट्टीवर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीटची बटणं दिलेली असतात ती सजावटीसाठी नाहीत. पेस्ट का होत नाही हा तर रोजचा प्रश्न. क्लिपबोर्ड पोचवायला गेस्टच्या आत कुणीतरी एजंट लागतो, आणि कन्सोलची गरज पडते तेव्हा आत बहुधा कुणीच जागं नसतं.

जोडणीच्या बाजूला दोन गोष्टी पुन्हापुन्हा अडवतात. पान ज्या सर्टिफिकेटवर उघडलं ते आपण ‘धोका पत्करून पुढे’ म्हणत स्वीकारलेलं असतं, पण वेबसॉकेट दुसऱ्या पत्त्यावर किंवा पोर्टवर जात असेल तर तिथल्या सर्टिफिकेटबद्दल ब्राउझर विचारतसुद्धा नाही. जोडणी गुपचूप नाकारतो आणि टॅब काळा. दुसरी गोष्ट मधल्या प्रॉक्सीची. वेबसॉकेट साध्या एचटीटीपी विनंतीसारखं सुरू होतं आणि ‘आता आपण प्रोटोकॉल बदलू’ असं एका हेडरमध्ये सांगतं. एनजिनएक्सला तो हेडर पुढे पाठवायला वेगळं सांगावं लागतं. सांगितलंत तरी पलीकडून ६० सेकंद काही आलं नाही तर तो जोडणी तोडतो, कारण त्याची मूळ मुदत तेवढीच असते. ‘बरोबर मिनिटभरानं कन्सोल तुटतो’ अशी तक्रार आली की मी सर्वात आधी तिथेच बघतो.

सुरक्षेबद्दल एकच गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुस्तकभर ती गृहीत धरली आहे. ज्याच्या हातात कन्सोल, तो सर्व्हरच्या समोर उभा आहे. तो रीबूट करू शकतो, ग्रबमध्ये कर्नलची ओळ बदलून पासवर्डशिवाय रूट होऊ शकतो, आणि आधीचा माणूस लॉगआउट करायला विसरला असेल तर इतकंही करावं लागत नाही. उलट व्हीएनसीचा स्वतःचा पासवर्ड पहिली ८ अक्षरंच मोजतो. म्हणून चांगल्या रचनांमध्ये व्हीएनसीचं पोर्ट बाहेर कधीच उघडं नसतं. वर टीएलएस असतं आणि आत जायला थोड्या वेळापुरतं टोकन. ओपनस्टॅक नोव्हात त्याची मूळ मुदत ६०० सेकंद असते. तरीही वेबसॉकेटनं स्वतःची नवी फट आणलीच. २०१५ मध्ये नोव्हाच्याच कन्सोल प्रॉक्सीत आढळलं की जोडणी कुठल्या वेबपानावरून आली हे तो तपासत नाही, त्यामुळे दुसऱ्या टॅबमधलं दुष्ट पान आपल्या नावावर कन्सोल गाठू शकत होतं. प्लगइनचा धोका आपल्या लॅपटॉपवर होता. आता तो सर्व्हरच्या बाजूला सरकलाय. भारतात त्याला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ ला दिलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस देशात जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवाव्या लागतात. कन्सोल कुणी, कधी उघडला हे त्या लॉगमध्ये आहे का, हे फार थोड्या ठिकाणी पाहिलं जातं.

हा विषय आत्ताच का, याची दोन कारणं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा होता. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते याच दिवशी. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण यंत्र नेटवर्कवर यायच्या आधीच कोसळत होतं, म्हणजे ती फाइल काढायला कुणीतरी प्रत्येक यंत्राच्या पडद्यापाशी पोचणं आलं. ज्यांच्या व्हीएमना चालू कन्सोल होता ते बसल्या जागेवरून एकेक उठवत गेले. ज्यांना तो नव्हता त्यांना डिस्क सोडवून दुसऱ्या व्हीएमला जोडायची, साफ करायची, परत लावायची, असा खेळ प्रत्येक यंत्रामागे करावा लागला.

दुसरं कारण कमी नाट्यमय आहे. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं. त्यानंतर अनेक लहान संस्थांनी, त्यांत आपल्या सहकारी बँका, कॉलेजं, एमआयडीसीतले कारखाने आले, केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्सकडे पाहायला सुरुवात केली. एका सवयीच्या कन्सोलवरून दुसऱ्यावर येताना जुन्या साधनात कुणी आयतं करून दिलेलं काम नव्यात आपल्यालाच मांडावं लागतं, आणि तिथे माणसं अडतात.

अशा माणसांसाठी हे पुस्तक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एकटा सर्व्हर सांभाळणारा, डिप्लोमा करून नुकताच नोकरीला लागलेला, किंवा वर्षानुवर्षं काम करूनही काळ्या टॅबसमोर गप्प होणारा. एखाद्या कंपनीच्या उत्पादनाची माहितीपुस्तिका इथे मिळणार नाही. आवृत्त्या बदलतील तसे मेनू बदलतात आणि ते छापून उपयोग नसतो. कळ दाबल्यापासून गेस्टमध्ये अक्षर उमटेपर्यंतचा रस्ता मात्र बदलत नाही. त्या रस्त्यावर कुठल्या ठिकाणी कान लावायचा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये वेबसॉकेटची ओळ कशी वाचायची, प्रॉक्सीच्या लॉगमध्ये काय शोधायचं आणि कधी चित्र सोडून सीरियलकडे वळायचं, हे दाखवायचा प्रयत्न केलाय. हायपर-व्ही आणि व्हीएमवेअर जरूर येतात, पण उदाहरणं बहुतेक केव्हीएमवरची आहेत. त्यातला प्रत्येक तुकडा उघडून पाहता येतो, म्हणून.

सरावासाठी ८ जीबी रॅमचा, प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशन असलेला कुठलाही जुना लॅपटॉप पुरेल; बायोसमध्ये ते चालू करून घ्या. त्यावर डेबियन, केव्हीएम, एक व्हीएम आणि नोव्हीएनसी. व्हीएनसी फक्त लॅपटॉपपुरतंच ऐकतंय ना, एवढं आधी तपासा. मग व्हीएममध्ये एसएसएच लावा, त्यातून आत जा आणि तिथूनच तिचं नेटवर्क बंद करा. एसएसएचची खिडकी गोठेल. ती तशीच राहू द्या आणि ब्राउझरमध्ये दुसरा टॅब उघडा.